बीप बंद करण्याआधी बिघाड शोधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका गृहस्थांचे पत्र नुकतेच वाचले. त्यांच्या मोटारीतला बझर तीन महिने वेळीअवेळी वाजत होता. दारे नीट लावलेली, पट्टा बांधलेला, हँडब्रेक खाली, तरी बीप-बीप चालूच. शेवटी कोणीतरी डॅशबोर्डखाली हात घालून बझरचा कपलरच, म्हणजे तारांचा जोडच, ओढून काढला आणि गाडीत शांतता झाली. इतरांनीही असेच करावे, असा सल्ला देऊन त्यांनी पत्र संपवले आहे. त्यांचा वैताग मला पूर्ण समजतो. सल्ला मात्र धोक्याचा आहे, म्हणून हे लिहिते आहे. पत्र थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

मी गेली बावीस वर्षे मोटारींच्या वायरिंगचे काम करते. हे काम मी माझ्या वडिलांकडून, अण्णांकडून शिकले. अण्णांनी आयुष्यभर एक नियम पाळला. गिऱ्हाईक म्हणाले, "तेवढा आवाज बंद करून द्या," तर ते विचारायचे, "आवाज बंद करू, की आवाजाचं कारण बंद करू?" दुसऱ्या कामाला वेळ जास्त लागतो. कधी कधी दिवस जातो आणि शेवटी सापडते ती अर्ध्या इंचाची सोललेली तार. पण अण्णांनी पहिले काम कधी केले नाही आणि मीही केलेले नाही.

का, ते एका गाडीवरून सांगते. एक निवृत्त शिक्षक आले होते. म्हणाले, "ताई, हँडब्रेक खाली आहे, तरी वळणावर बीप होते. स्विच खराब आहे, बदलून टाका." हँडब्रेकचा स्विच आधी एके ठिकाणी बदलून झाला होता. त्यानंतरही बीप थांबेना, तेव्हा सरांनी तिथेच बझर काढून टाकायला सांगितले होते. त्या माणसाला डॅशबोर्ड उघडायचा कंटाळा आला, म्हणून तो बझर वाचला. मी सरांच्या शेजारी बसून फेरी मारली. सरळ रस्त्यावर काही नाही. डावे वळण आले की डॅशबोर्डच्या मीटरमधला लाल दिवा लागायचा, दोन सेकंद बीप, मग पुन्हा शांत. उजव्या वळणाला काही नाही. जोरात ब्रेक दाबला की पुन्हा तेच.

हँडब्रेकच्या स्विचला गाडी डावीकडे वळली की उजवीकडे, हे कळायचे कारण नाही. पुष्कळ गाड्यांमध्ये तो लाल दिवा दोन कामे करतो. हँडब्रेकचा स्विच आणि ब्रेक ऑइलच्या डबीतला तरंगता फ्लोट, दोघांच्या तारा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. कोणीही ती तार अर्थ केली, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली, की दिवा लागतो, आणि गाडी चालती असेल तर बीप होते. मी बॉनेट उघडले. डबीतले ऑइल खालच्या रेघेच्या किंचित खाली होते. वळणावर ते एका बाजूला सरकले की फ्लोट खाली बसायचा, सरळ रस्त्यावर पुन्हा उचलला जायचा.

आता ऑइल वर भरून दिले असते, तरी बीप थांबली असती. पण ऑइल गेले कुठे? पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजून दोन मिलिमीटरवर आले होते. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतले ऑइल उतरते. एवढे समजण्यासारखे होते. मागचे डावे चाक उघडले, तर व्हील सिलिंडरच्या, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या, रबराखाली बोट ओले झाले. ऑइल तिथूनही झिरपत होते. सर बराच वेळ त्या ओल्या रबराकडे बघत उभे राहिले. मग एवढेच म्हणाले, "मी तर तो बझर काढायला सांगितला होता."

ज्या बीपला आपण खोटी म्हणतो, ती बहुतेक वेळा खोटी नसते. गाडी कशाची तरी तक्रार करत असते. आपण समजतो त्या गोष्टीची ती नसते, एवढेच.

मुळात बझर हा या साखळीतला शेवटचा दुवा. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली त्याची वेगळी डबी असते. तिच्याकडे दाराच्या चौकटीतल्या स्विचची तार येते, किल्लीच्या कुलपात बसवलेल्या बारीक स्विचची येते, पार्किंग लाइटची येते, पट्ट्याच्या बक्कलची येते. त्यातले बरेचसे स्विच बझरला वीज देत नाहीत, ते फक्त तार बॉडीला जोडतात, म्हणजे अर्थ देतात. दार उघडले की स्विचचा दांडा बाहेर येतो आणि तार अर्थ होते. ही मांडणी डोक्यात पक्की बसली की निम्मे काम झाले, कारण मग दुसरीकडे कुठेही ती तार सोलून पत्र्याला टेकली, तरी बझरला दार उघडेच वाटणार हे उघड आहे. स्विच कितीही वेळा बदला, काही फरक पडणार नाही.

म्हणून हत्यार हातात घेण्याआधी मी गिऱ्हाइकाला चार दिवसांची वही लिहायला सांगते. बीप कधी होते? किल्ली काढल्यावर, की इंजिन चालू असताना? खड्ड्यात, की वळणावर? पाऊस पडून गेल्यावर, की कोरड्या हवेतही? सलग वाजते, की थांबून थांबून? त्या वेळी मीटरमध्ये कोणता दिवा लागतो? छतातला दिवा लागतो का? हे शेवटचे फार उपयोगाचे आहे. अनेक गाड्यांत छतातला दिवा आणि बझर एकाच दाराच्या स्विचवर चालतात. दार बंद असताना दोघेही चालू राहिले, तर स्विच किंवा त्याची तार धरा. दिवा नीट विझतो आणि बझर तेवढा वाजतो, तर किल्लीच्या स्विचकडे किंवा बक्कलकडे वळा. किल्ली खिशात असताना दार उघडल्यावर 'किल्ली विसरलात' अशी बीप होत असेल, तर कुलपातली स्प्रिंगची पट्टी अडकून बसली आहे, हे मी गाडीला हात न लावताही सांगू शकते.

दाराचा स्विच दिसायला क्षुल्लक असतो. एक स्क्रू, एक रबरी टोपी, एक दांडा. पण पावसाचे पाणी, धूळ आणि दाराचा दणका तिघेही त्याच्याच वाट्याला येतात. तो तपासताना कपलर सोडवून मल्टिमीटरची (व्होल्ट आणि ओहममध्ये रोध मोजणाऱ्या यंत्राची) एक टोच स्विचच्या टोकाला आणि दुसरी पत्र्याला लावायची. दांडा बाहेर असताना मीटरने एक ओहमच्या आत दाखवले पाहिजे. दांडा दाबल्यावर वाट पूर्ण तुटली पाहिजे. गेल्या वर्षी एका गाडीत दांडा दाबल्यावरही मीटर नऊशे ओहमच्या आसपास घुटमळत होते. ना उघडे, ना बंद. रबरी टोपी चिरली होती आणि आत हिरवट ओला मळ साचला होता. जुन्या गाडीत एवढ्या गळतीवर छतातला बल्बही पेटला नसता, कारण पाच वॅटच्या बल्बला सुमारे ०.४ अँपियर लागतात. पण त्या गाडीत स्विच वाचण्याचे काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, करत होते. त्याला काही मिलिअँपियरही पुरतात, त्यामुळे 'दार उघडे' समजून ते बीप देत होते. केस वाळवायच्या यंत्राने दोन मिनिटे गरम हवा मारली, बीप बंद. पाण्याचे चार थेंब सोडले, बीप चालू. मग शंका उरली नाही. नवा स्विच बसवला, आणि ज्या स्क्रूमधून त्याला अर्थ मिळतो, त्याखालचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. हा स्क्रू घासायचे पुष्कळजण विसरतात.

स्विच सोडवून ठेवला आणि तरीही बीप चालूच राहिली, तर बिघाड तारेत आहे. अशा वेळी मी सर्वांत आधी दार आणि चौकट यांच्यामधली रबरी नळी खाली ओढून बघते. दार उघडताना-लावताना आतल्या तारा दर वेळी वाकतात, आणि चालकाचे दार सर्वांत जास्त वेळा उघडते. तांबे आत तुटते आणि वरचे प्लॅस्टिक शाबूत दिसते. डोळ्यांना काही कळत नाही. प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलके ताणायची. तुटलेली तार रबरासारखी लांबते. अशी तार नुसती पिळून टेप गुंडाळू नका, महिन्याभरात गाडी परत येते. मऊ, पुष्कळ काड्यांची नवी तार जोडून, डाग देऊन, वर स्लीव्ह घाला, आणि जोड नळीच्या वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नका. मागच्या डिकीच्या झाकणालाही हेच लागू.

फ्यूजबद्दल एकच सांगते. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपियरचा फ्यूज घालू नका. तो उडतो ते तार वाचवण्यासाठी.

अर्थबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. बझर पुटपुटल्यासारखा वाजतो, किंवा इंडिकेटर लावला की बझरही त्याच तालात कुरकुरतो. अशी गाडी आली की डिजिटल मल्टिमीटर बझरच्या कपलरवर लावतात, तो १२.४ व्होल्ट दाखवतो, आणि वीज ठीक आहे असे ठरवून लोक बझर बदलतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. वीसपैकी एकोणीस काड्या तुटल्या आणि एक उरली, तरी तो १२.४ दाखवणार. तिथेच साधा बल्बचा टेस्ट लॅम्प लावा. खरा भार पडताच तोच आकडा तीन व्होल्टवर कोसळलेला मी पाहिला आहे. अर्थ तपासायचा तर बझर वाजत असताना त्याचे अर्थचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. ०.१ व्होल्टपर्यंत मी मान्य करते. अर्धा व्होल्ट दिसला, तर पत्र्याला आवळलेला तो जोड उघडून घासायलाच हवा. अर्थची वाट बंद झाली की वीज दुसऱ्याच दिव्यातून परतीची वाट शोधते. त्यातूनच इंडिकेटरबरोबर कुरकुरणाऱ्या बझरसारखे चमत्कार दिसतात. मात्र नव्या गाड्यांच्या मॉड्यूलच्या तारांवर टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. तो ओढतो तेवढी वीज त्या नाजूक भागांना सोसत नाही. तिथे मल्टिमीटरच हवा.

उलट तक्रारही असते, पण ती घेऊन क्वचितच कोणी येते. बझर वाजतच नाही. लोकांना त्यात बिघाड वाटत नाही, बरेच वाटते. दिवे चालू राहून सकाळी बॅटरी उतरलेली सापडते, तेव्हा कुठे आठवण होते. फार जुने बझर दाराच्या घंटीसारखे, थरथरणाऱ्या पत्र्याचे असत. नंतरच्या अनेक गाड्यांत पीझो चकती आली. दाब दिला की काही स्फटिकांत वीज उमटते, हे पियरे आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. बझरमध्ये तेच उलट्या दिशेने घडते: वीज दिली की चकती थरथरते. अशी चकती ओहमवर तपासून 'कट आहे', म्हणजे आतली वाट तुटली आहे, म्हणून फेकणारे मी पाहिले आहेत. चांगली चकतीही ओहमवर कटच दाखवते. तिची वाट मुळातच बंद असते. काही गाड्यांत तर वेगळा बझरच नसतो, बीप रेडिओच्या स्पीकरमधून येते. हौसेने रेडिओ बदलला की त्याच दिवशी सगळ्या सूचना मुक्या होतात, आणि मालकाला पत्ताही नसतो. रेडिओ बदलणाऱ्याने हे आधी सांगायला हवे, आणि बीप कायम ठेवणारा जोड बसवायला हवा.

नव्या गाड्यांत दाराचा स्विच बहुधा कुलपाच्या आतच असतो, आणि निरोप दोन पिळलेल्या तारांवरून मॉड्यूलकडून डॅशबोर्डच्या मीटरकडे जातो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ही 'कॅन' पद्धत. तिथे तारा सोलत बसण्याआधी स्कॅनर (मॉड्यूलमधली माहिती पडद्यावर दाखवणारे यंत्र) लावून एकेक दार उघडायचे, पट्टा लावायचा, काढायचा, आणि पडद्यावर स्थिती बदलते का ते बघायचे. दार बंद आहे आणि पडद्यावर 'उघडे' दिसते, तर त्या दाराच्या कुलपापासून सुरुवात करायची. अनेक स्थिती एकदम वेड्यासारख्या बदलत असतील, तर आधी बॅटरी बघायची, मग बॅटरी सोडवून त्या दोन तारांमधला रोध. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून मधे ६० ओहमच्या आसपास मिळायला हवे. १२० मिळाले, तर एका टोकाशी संबंध तुटला आहे.

शेजारच्या सीटची बीप हा रोजचा प्रश्न. गादीखाली वजन ओळखणारी पातळ चटई असते. तिच्यावर जड पिशवी ठेवली तरी तिला माणूस बसल्यासारखे वाटते. हा बिघाड नाही. पिशवी मागे ठेवा किंवा खाली. बक्कलमध्ये नाणे, केस, खाऊचा चुरा अडकतो, तो मात्र बिघाड. सीट पुढे-मागे करताना तिच्याखालची तार ताणली जाते, तीही बघावी. पण सीटखाली पिवळा कपलर दिसला, तर घरच्या घरी हात थांबवा. पिवळा रंग एअरबॅगचा. तिथे ओहम मोजायचे नाहीत, टेस्ट लॅम्प लावायचा नाही, आणि बॅटरी सोडवून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय तो कपलर उघडायचा नाही.

बीप चुकवण्यासाठी बक्कलमध्ये नुसती क्लिप खोचून ठेवणाऱ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटते. तरीही त्यांना दोष देऊन भागत नाही. अमेरिकेत १९७४ सालच्या नव्या मोटारींत पुढचे पट्टे लावल्याशिवाय इंजिनच सुरू होऊ नये, अशी व्यवस्था आली. लोक इतके चिडले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथल्या संसदेने कायदा करून ती सक्ती उठवली, आणि पट्ट्यासाठी आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजणाऱ्या बझरची सक्ती करण्यालाही मनाई केली. त्रास सहनशक्तीपलीकडे गेला की माणूस सूचना फेकून देतो, सुरक्षाही तिच्याबरोबर जाते. गाडी बनवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. पिशवी ठेवल्यावर होणारी बीप आणि ब्रेक ऑइल कमी झाल्यावर होणारी बीप यांचा आवाज सारखा का असावा? गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिव्यांची चित्रे पानभर असतात. तसेच एक पान आवाजांचे हवे: किती वेळा, किती अंतराने, कोणत्या कारणाने. आणि वायरिंगचा नकाशा बाहेरच्या कारागिरालाही सहज मिळायला हवा. नकाशा नसला की कारागीर अंदाजाने तारा तोडतो. माझी आपल्याला विनंती आहे की आपल्या वाहनविषयक पानावर हे मुद्दे लावून धरावेत.

आता त्या पत्रलेखक गृहस्थांसाठी. बझरचा कपलर ओढला, तेव्हा त्यांच्या गाडीतली दिवे चालू राहिल्याची, किल्ली विसरल्याची आणि कदाचित ब्रेकचीही सूचना गेली. तो आधी परत जोडून घ्यावा. त्यांनी लिहिले आहे की बीप पावसानंतर आणि खड्ड्यांतून जाताना जास्त व्हायची, आणि त्या वेळी छतातला दिवा लुकलुकायचा. हे वाचताच मी स्विच बदलायच्या नादी लागले नसते. मी प्रथम चालकाच्या दाराची रबरी नळी खाली ओढून आतल्या तारा ताणून पाहिल्या असत्या, मग चौकटीतल्या स्विचची टोपी काढून आत ओल आहे का ते बघितले असते, आणि शेवटी दार लावून कडीचा खुंटा किंचित आत घ्यावा लागतो का ते तपासले असते, कारण खुंटा बाहेर सरकला की दार लागते पण स्विच पुरता दाबला जात नाही. तिन्ही गोष्टींना मिळून तासभर लागेल. तारा शाबूत असतील, टोपी कोरडी असेल आणि खुंटाही जागेवर असेल, तर त्यांनी आपल्यामार्फत मला जरूर कळवावे. पुढचे मी लिहून देईन.

आपली विश्वासू,
मोटारींच्या वायरिंगचे काम करणारी एक वाचक